उंची किती सेंटिमीटर वाढवता येते, आणि मग मांडी घालून बसता येतं का?

अमळनेरच्या एका २३ वर्षांच्या मुलाने विचारलंय. त्याची उंची १६३ सेंटिमीटर. पोलीस भरतीत दोनदा दोन सेंटिमीटरने बाद झाला. घरात लग्नाचं बोलणं सुरू आहे, तिथंही बायोडेटातलं ‘पाच फूट चार’ वाचून समोरचे गप्प होतात. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात पाय लांब करायच्या ऑपरेशनने एकजण १५ सेंटिमीटर वाढला म्हणे. त्याचे प्रश्न तीन: सुरक्षित मर्यादा नेमकी किती, मांडी आणि नडगी दोन्ही केल्या तर दहा सेंटिमीटर मिळतील का, आणि शरीर बेढब दिसेल का?

भाऊ, वयाने तू माझ्या धाकट्या मुलाएवढा, म्हणून अरेतुरेच करतो. मी जळगावात हाडांचा डॉक्टर. पाय लांब करायचं काम मी वीसेक वर्षं करतोय, पण उंचीच्या हौसेसाठी एकही केलेलं नाही. माझे पेशंट म्हणजे हायवेवर ट्रकखाली सापडून हाडाचा तुकडाच गेलेले, किंवा लहानपणच्या पोलिओने एक पाय आखूड राहिलेले. तंत्र मात्र तेच. हौसेने केलेले काही पाय नंतर माझ्याकडे आलेत, त्यावरूनही बोलतो.

भरतीचा विषय आधी मिटवू. शिपाई पदाला पुरुषांना १६५ लागते, तुला दोन कमी पडतात, हे खरं. पण ऑपरेशननंतर तुला त्याच मैदानावर १६०० मीटर पळायचंय, १०० मीटर पळायचंय, गोळा फेकायचाय. लांब केलेल्या पायाने वर्षभरात तुझी जुनी वेळ परत येईल अशी खात्री मी तरी देणार नाही. पुढे वैद्यकीय तपासणी असते. मांडीवर व्रण आणि एक्स-रेत हाडातला धातूचा रॉड दिसला की डॉक्टर प्रश्न विचारणारच. भरतीसाठी हे ऑपरेशन करणं म्हणजे विहीर खोदायला घर पाडण्यासारखं आहे. आणि एक साधी गोष्ट: उंची सकाळी आणि संध्याकाळी सारखी नसते. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत एक-दीड सेंटिमीटर सहज कमी होतं. तू कधी मोजलीस ते लिहिलेलं नाहीस.

आता मूळ प्रश्न. हाड किती वाढवता येतं? हाडापुरतं बोलायचं तर भरपूर. सायबेरियातल्या कुर्गान गावचे डॉक्टर इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं. हाड अलगद कापायचं, आतला रक्तपुरवठा जपायचा, पाच-सात दिवस थांबायचं, आणि मग दोन्ही टोकं रोज थोडी थोडी दूर सारायची. मधल्या फटीत शरीर नवं हाड विणतं. रोजचा वेग एक मिलिमीटर, तोही एकदम द्यायचा नाही, पाव-पाव करून चार वेळा. नडगीत मी पाऊण मिलिमीटरवरच राहतो.

हा पाव मिलिमीटर कसा दिसतो ते सांगतो. यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्याच्या मुलाची नडगी अपघातात चिरडली होती. सडलेलं चार सेंटिमीटर हाड काढून टाकलं, टोकं जुळवली, पाय तेवढा आखूड झाला, आणि गुडघ्याखाली हाड कापून ती लांबी परत मिळवायला पायाभोवती बाहेरून, तारांनी हाडात धरलेल्या धातूच्या रिंगा बसवल्या. रिंगा जोडणाऱ्या सळईचे आटे एक-एक मिलिमीटरचे. दहा नंबरच्या पान्याने नट पूर्ण एक फेरा फिरला की एक मिलिमीटर, पाव फेरा की पाव. नटाच्या एका कोपऱ्यावर त्याच्या आईने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, म्हणजे किती फिरला ते चुकू नये. नडगी म्हणून दिवसातून तीनदाच: सकाळी सहा, दुपारी दोन आणि झोपताना. प्रत्येक वेळी कालनिर्णयावर तारखेच्या चौकोनात एक रेघ. बाई चौथी शिकलेली, पण दोन महिन्यांत तिची एक रेघ चुकली नाही.

चुकला तो बाप. केळीची कापणी तोंडावर आली, मजूर मिळेना, पोरगं लवकर मोकळं व्हावं म्हणून चार दिवस त्याने गुपचूप दुप्पट आटे दिले. पुढच्या एक्स-रेत फटीत ढगासारखं जे पांढुरकं दिसायला हवं होतं, तिथं नुसता काळा पट्टा. पोराच्या पायाचा अंगठा वर उचलेना. सगळं थांबवलं, थोडं उलटं फिरवलं, आठवडाभराने अंगठा हलला. हाड नंतर भरलं. नस कायमची गेली असती तर मात्र माझ्या हातात काही नव्हतं.

हाडापेक्षा बाकीचं शरीर हट्टी असतं. नवं हाड तयार होतं, पण स्नायू तसा वाढत नाही. तो ताणला जातो आणि थोडाफार जुळवून घेतो. नस त्याहून नाजूक. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होऊन टाचेला जोडलेला, म्हणजे दोन सांध्यांवरून जातो. नडगी वाढली की तो दोन्हीकडून ओढतो: गुडघा वाकतो, टाच उचलली जाते आणि माणूस बोटांवर चालायला लागतो. मांडी वाढवली की पुढचे-मागचे स्नायू आणि बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा ताणतो, गुडघा आधी वाकेनासा होतो, मग सरळ होईनासा होतो. सांध्याच्या कूर्चेवर दाब येतो तो वेगळाच. म्हणून मर्यादा स्नायू, नस आणि सांधा ठरवतात, हाडाचं मत विचारायला कुणी जात नाही.

आकड्यांत सांगायचं तर साधारण मान्य असलेलं असं: नडगीत पाच सेंटिमीटरपर्यंत, मांडीत पाच ते साडेसहा, आणि फार अनुभवी हातात आठपर्यंत. चुंबकावर चालणारा जो रॉड हाडाच्या आत बसवतात, त्याचीच चाल बहुतेक आठ सेंटिमीटरला संपते. पण मशीनची मर्यादा ही माणसाची मर्यादा समजू नकोस. बुलेटच्या मीटरवर १६० लिहिलंय म्हणून कुणी एरंडोलच्या रस्त्यावर १६० ने जात नाही. दुसरा हिशोब टक्क्यांचा. मूळ हाडाच्या १५ टक्क्यांपर्यंत त्रास आटोक्यात राहतो, २० टक्के ओलांडले की गुंतागुंत झपाट्याने वाढते. तुझ्या उंचीच्या माणसाचं मांडीचं हाड साधारण ४३ सेंटिमीटर आणि नडगीचं ३५ धरलं, तर नडगीत पाच म्हणजे १४ टक्के, मांडीत आठ म्हणजे साडेअठरा, आणि एकाच मांडीच्या हाडात दहा म्हणजे २३. मला कुणी घरचा माणूस समजून विचारलं तर मी मांडीत पाच आणि नडगीत चार सांगेन, त्यापुढे गप्प बसेन.

आता बेढब दिसण्याचं. मापं घेऊनच बोलू. नडगीला मांडीने भागलं की बहुतेकांचं ०.८ च्या आसपास येतं, तुझं ३५ भागिले ४३, म्हणजे ०.८१. नुसती नडगी पाचने वाढवली तर ४० भागिले ४३, म्हणजे ०.९३. खुर्चीत बसलास की गुडघे वर येतील. नुसती मांडी पाचने वाढवली तर ०.७३. एसटीत बसलास की गुडघे पुढच्या सीटला टेकतील. पॅन्ट घालून उभा राहिलास तर यातलं काहीच लोकांच्या लक्षात यायचं नाही. नडगीतच दहा वाढवले तर मात्र नडगी ४५ आणि मांडी ४३ होते. तसा पाय निसर्गात नसतो, आणि ते आंधळ्यालाही कळेल.

तू म्हणतोस तसं दोन्हीकडे वाटून दिलं, समजा मांडीत सहा आणि नडगीत चार, तर ३९ भागिले ४९, जवळपास ०.८ च राहतं. प्रमाण सांभाळायचं तर हिशोबाने हाच मार्ग सर्वांत चांगला. पण मग चार हाडं कापायची, आणि दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी न करता मध्ये निदान वर्षभर जायला हवं. प्रमाण कागदावर सुंदर येतं आणि आयुष्याची दोन-अडीच वर्षं वॉकरवर जातात. व्हिडिओतले १५ सेंटिमीटर अशाच दोन टप्प्यांची बेरीज असणार. त्यातला दुसरा टप्पा दहा सेकंदांत उरकलेला असतो.

पायाच्या आतलं प्रमाण जपलं तरी धड तेवढंच राहतं. बसल्यावर डोक्यापर्यंतची उंची एकूण उंचीच्या ५२ टक्क्यांच्या आसपास असते. तुझी ८५ सेंटिमीटर धरू. पाच वाढले की ८५ भागिले १६८, म्हणजे ५०.६ टक्के. तसे लांब पायांचे लोक गावात सापडतात. दहा वाढले की ४९ टक्के. हातांचंही तसंच. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसर आणि मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोज, ते उंचीएवढं किंवा थोडं जास्त असतं. समजा १६५ आलं. १६८ च्या अंगाला १६५ चे हात खपून जातात, १७३ ला ते तोकडे दिसतात. म्हणून हात मुळात लांब असलेल्याला थोडी जास्त मुभा, आखूड हातवाल्याला कमी. पाचपर्यंत कुणाला संशय येत नाही, सातनंतर शिंप्याला कळतं, दहानंतर सगळ्यांना.

दिसण्याबद्दल इतकंच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस उंची विचारतो खरा, पण पैसे मोजण्याआधी घोडा चालवून, पळवून बघतो. मीही पेशंटला आधी दारापर्यंत चालत जायला सांगतो.

केळीवाल्याच्या बायकोने मला पहिल्या दिवशी एकच विचारलं होतं, “डाक्टरसाहेब, याले मांडी घालीसन बठता येई ना?” किती सेंटिमीटर, किती टक्के, यातलं काही नाही. ज्या देशांतून ही हौस आलीय तिथं माणूस खुर्चीत जेवतो, खुर्चीत काम करतो, कमोडवर बसतो. त्याचा गुडघा ११० अंशांपर्यंत वाकला तरी डॉक्टर ‘उत्तम निकाल’ म्हणून लिहून ठेवतो. आपल्याकडे ११० अंशात पंगतीला बसता येत नाही. शेतात बसून निंदणी होत नाही, गावातल्या संडासात उकिडवं बसता येत नाही. उकिडवं बसायला गुडघा पूर्ण मिटावा लागतो आणि घोटा चांगला पुढे झुकावा लागतो. मांडी लांब झाली की बसताना कुल्ले जास्त मागे जातात, तोल सांभाळायला धड पुढे टाकावं लागतं. त्यात पोटरी आखडली असेल तर टाच उचलते आणि माणूस सरळ मागे पडतो.

असा एकजण माझ्याकडे आला होता, धुळ्याकडचा, वय २७. मोठ्या शहरात दोन्ही नडग्या सात सेंटिमीटर करून आला होता. हाड छान भरलेलं, एक्स-रे पुस्तकात छापावा असा. पण दोन्ही टाचा जमिनीपासून दोन बोटं वर. त्याला तीन महिने फिजिओथेरपी सांगितली होती, त्याने तीन आठवडे केली, कारण रोजचं येणं-जाणं परवडेना. घरात चोरून केलेलं, म्हणून वडिलांना सांगता येईना. टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) लांब करायचं आणखी एक ऑपरेशन करावं लागलं. आता तो चालतो, उंच दिसतो, लग्नही झालं. त्याच्या लग्नात मी गेलो होतो. सगळे पाटावर बसले आणि नवरदेवासाठी खुर्ची आणली.

बाकीचे धोके भराभर सांगतो. दोन्ही मांड्यांच्या पोकळीत एकाच वेळी रॉड ठोकला की हाडातली चरबी रक्तात जाऊन फुफ्फुसात अडकू शकते, यात माणसं दगावलेली आहेत. पायाच्या शिरांत गुठळी होऊ शकते. हाड भरत नाही, किंवा लांबी पुरी व्हायच्या आधीच भरून बसतं. नडगी वाढवताना शेजारचं बारीक हाड वर-खाली स्क्रूने नीट बांधलं नाही तर घोटा बिघडतो. मांडीच्या हाडाच्या सरळ रेषेत लांबी वाढवली की पायाचा भार वाहणारी रेघ थोडी बाहेर सरकते, सेंटिमीटरमागे साधारण एक मिलिमीटर. म्हणून ज्याचे गुडघे आधीच एकमेकांना घासतात त्याने मांडीचा विचार जास्त जपून करावा. बाहेरून रिंगा लावल्या तर तारांच्या भोकांना संसर्ग होतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घामाने ती भोकं चिघळतात, हे मी दर उन्हाळ्यात बघतो.

आतल्या रॉडला हा त्रास नाही. मांडीवर बाहेरून चुंबकाचं यंत्र धरायचं, आत रॉड सरकतो. पण पेशंटला वाटतं आत रॉड आहे म्हणजे लगेच चालता येईल. टायटॅनियमच्या रॉडवर पूर्ण भार द्यायचा नसतो आणि हौसेच्या ऑपरेशनात दोन्ही पाय एकदम केलेले असतात, मग उभं कशावर राहणार? पूर्ण वजन पेलणारा स्टीलचा रॉड मध्यंतरी आला होता. जोडापाशी गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसले, २०२१ मध्ये कंपनीला तो परत मागवावा लागला. पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस नुसती लांबी वाढवण्यात जातात, त्यानंतर हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट तरी धर. आधाराशिवाय नीट चालायला सहा-सात महिने, पळायला वर्ष. एवढ्या काळात पगार कोण देणार, रोज दोन-तीन तास स्नायू ताणून घ्यायला फिजिओ कोण आणि तो कुठे, हे आधी ठरवायचं. अमळनेरहून रोज जळगाव किंवा धुळं करणार असशील तर मी आत्ताच नाही म्हणतो.

चीनने २००६ मध्ये केवळ उंचीसाठी हे ऑपरेशन करायला बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण २०१६ मध्ये हैदराबादला एका तरुणाने आईवडिलांना न सांगता हे करून घेतलं आणि ते देशभर गाजलं. घरी न सांगता करायचं असेल तर माझ्या दारात येऊ नकोस. त्या सहा महिन्यांत तुला संडासला नेणारं माणूस घरचंच असणार आहे.

इतकं ऐकूनही करायचंच म्हणत असशील, तर निदान एवढं कर. तंबाखू-चुना, गुटखा, बिडी, जे काही असेल ते तीन महिने आधी बंद. निकोटीनने नवं हाड धरत नाही, आणि या बाबतीत पेशंट माझ्याशी जेवढं खोटं बोलतात तेवढं दुसऱ्या कशात बोलत नाहीत. व्हिटॅमिन डी तपास. दिवसभर उन्हात राबणाऱ्या आपल्या लोकांतही ते कमी निघतं. तुझं मूळ घराणं नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यातलं असेल तर सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी केल्याशिवाय टेबलावर झोपू नकोस. आमच्या भागात तो आजार आहे, आणि त्या रक्ताच्या माणसाला मोठं ऑपरेशन, पाणी कमी पडणं, हाडातला संसर्ग हे सगळंच महागात पडतं. उभ्याने कमरेपासून घोट्यापर्यंतचा अख्खा एक्स-रे लागतो, तुकड्या-तुकड्यांचा चालत नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा जाऊन ये. वेडा समजून पाठवत नाही. काहींना पाच वाढले की आणखी पाच हवे असतात, आरशातला माणूस त्यांना कधीच पुरेसा उंच वाटत नाही. अशा माणसाला ऑपरेशनचा उपयोग होत नाही आणि ते ओळखायचं कसब माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. आपल्याकडच्या पुरुषांची सरासरी उंची १६५ च्या आसपासच आहे. तू त्या रेषेवर उभा आहेस, खड्ड्यात नाही.

आज घरीच एक करून बघ. अनवाणी, पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा जमिनीला घट्ट टेकवून उकिडवा बस आणि दोन मिनिटं तसाच राहा. टाच उचलली किंवा मागे पडायला लागलास, तर तुझी पोटरी आत्ताच आखूड आहे आणि नडगीत तीन सेंटिमीटरसुद्धा तुला जड जातील. आरामात बसता आलं तर पसरलेल्या हातांचं अंतर, बसलेल्या डोक्याची उंची आणि सकाळी उठल्या उठल्या अनवाणी मोजलेली उंची, असे तीन आकडे कागदावर लिहून घेऊन ये. येताना वडिलांना सोबत आण.